भाषणं ऐकलीस, आता ठराव वाच

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये शिकागोला डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन झालं, ते तू भल्या पहाटे उठून पाहिलंस. तिथली रात्र म्हणजे आपली सकाळ. आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसलेली आणि तू शेजारी कानात इअरफोन घालून. राजकारण असंही असू शकतं, असं तुला तेव्हा पहिल्यांदा वाटलं. मग नोव्हेंबरात त्या पक्षाच्या कमला हॅरिस अध्यक्षपदाची निवडणूक हरल्या आणि कॉलेजातल्या पोरांनी ‘काय बे, तुझी अमेरिका पडली की’ म्हणून चिडवलं. आता परवा तीच भाषणं पुन्हा लावलीस, पुन्हा तसंच भरून आलं, आणि तुला स्वतःचीच चीड आली. आशा वाटणं हा बावळटपणा आहे का, असं विचारतेस. आणि दुसरं विचारतेस, इथं एखाद्या पक्षात जाऊ का, की जाऊच नको.

पहिल्या प्रश्नावर मी वेळ घालवणार नाही. विडी वळणाऱ्या बाईच्या पोरीला भाषण ऐकून अंगावर काटा आला, ह्यात लाजायचं काय? मला खटकलं ते वेगळंच. एवढा लांब मेसेज लिहिलास. मिशेल ओबामा काय बोलल्या ते त्यात आहे. हॅरिस यांनी आईबद्दल, एकोणीस वर्षांची असताना एकटी अमेरिकेला गेलेल्या श्यामला गोपालन यांच्याबद्दल काय सांगितलं, तेही आहे. कुठल्या वाक्याला लोक उठून उभे राहिले हेसुद्धा लिहिलंस. पण त्या अधिवेशनानं ठरवलं काय, याची एक ओळ नाही. एक ओळ नाही, पोरी!

ठराव वाच. भाषण ऐकलंस ना, मग ठराव वाच. तीसेक वर्षांत ह्याहून कामाचं दुसरं काही मी शिकले नाही.

तुझ्याच अधिवेशनाचं सांगते. पहिल्या रात्री, १९ ऑगस्टला, त्यांनी पक्षाचा जाहीरनामा मंजूर केला, आवाजी मतदानानं. तो लिहिला होता बायडन उमेदवार असताना. बायडन २१ जुलैला बाजूला झाले, हॅरिस आल्या, पण मसुदा बदललाच नाही. मंजूर झालेल्या कागदात बायडन यांच्या दुसऱ्या कार्यकाळाच्याच गोष्टी राहिल्या. सभागृहात एका नावाचा जयजयकार आणि कागदावर दुसरंच नाव. तू पहाटे उठून ते पाहिलंस आणि हे तुझ्या नजरेतून सुटलं. दुसऱ्या बाजूचंही ऐक, नाहीतर म्हणशील अक्का एकांगी बोलते. २०२० साली रिपब्लिकन पक्षानं नवा जाहीरनामा केलाच नाही. भाषणं मात्र चारही रात्री झाली, आणि ती ऐकूनही कुणाची तरी छाती भरून आलीच असेल.

म्हणून सांगते, भाषणावरून पक्ष जोखू नकोस.

भाषण कधी मोलाचं असतं, तेही सांगते. फिलाडेल्फिया, १९४८, हाच डेमोक्रॅटिक पक्ष. काळ्या नागरिकांच्या हक्कांबद्दल जाहीरनाम्यात काय लिहायचं, यावरून रण माजलं होतं. नेत्यांना मोघम भाषा हवी होती, म्हणजे दक्षिणेकडची राज्यं दुखावणार नाहीत. मिनियापोलिसचे तरुण महापौर ह्यूबर्ट हम्फ्री उठले आणि स्पष्ट कलम घाला म्हणून बोलले. भाषण काही लांबलचक नव्हतं. पण ते संपल्यावर मतदान व्हायचं होतं, हे महत्त्वाचं. कलम ६५१½ विरुद्ध ५८२½ मतांनी मंजूर झालं. मिसिसिपीचे सगळे आणि अलाबामाचे निम्मे प्रतिनिधी उठून चालते झाले. त्याच महिन्यात, २६ जुलैला, अध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला, आणि नोव्हेंबरात ते निवडूनही आले. आजही लोक त्या भाषणाची आठवण काढतात ती त्या कलमामुळे. कलम पडलं असतं तर भाषणही विरून गेलं असतं.

आणि आता फॅनी लू हेमर. ही बाई तुला ठाऊक असायलाच हवी. मिसिसिपीतल्या मळ्यावर कापूस वेचणारी. मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली एवढ्यावरून १९६२ साली मळेवाल्यानं तिला घराबाहेर काढलं. पुढच्या वर्षी विनोना गावच्या तुरुंगात तिला बेदम मारलं. १९६४ ला अधिवेशन अटलांटिक सिटीत होतं. मिसिसिपीतून नेहमीप्रमाणे फक्त गोऱ्यांचं प्रतिनिधिमंडळ आलं. हेमरबाई आणि त्यांचे सोबती वेगळं मंडळ घेऊन पोचले आणि म्हणाले, खरे प्रतिनिधी आम्ही.

याचा निकाल व्यासपीठावर लागणार नव्हता. कोण अधिकृत प्रतिनिधी आणि कोण नाही, हे तपासायला एक समिती असते, तिच्यापुढे लागणार होता. २२ ऑगस्टला हेमरबाई त्या समितीसमोर बसल्या आणि स्वतःच्या अंगावर झालेलं सगळं सांगितलं. अध्यक्ष जॉन्सन यांनी घाईघाईनं पत्रकारांना बोलावून कॅमेरे आपल्याकडे वळवले. तरी रात्रीच्या बातम्यांत ती साक्ष देशभर दिसली. मग तडजोड पुढे आली, दोन जागा घ्या आणि गप्प बसा. त्यांनी त्या नाकारल्या. चार वर्षांनी, १९६८ ला, शिकागोतच मिसिसिपीच्या जुन्या मंडळाला पक्षानं दार दाखवलं आणि काळ्या-गोऱ्या मिळून झालेल्या मंडळाला जागा दिल्या. त्यात हेमरबाई होत्या. तू पाहिलंस त्यात हॅरिस यांनी उमेदवारी स्वीकारली, तो दिवसही २२ ऑगस्टच, बरोबर साठ वर्षांनी. ज्या व्यासपीठानं तुला आशा दिली, त्याच्यावर कोण चढू शकेल हे साठ वर्षांपूर्वी एका समितीच्या खोलीत भांडून घ्यावं लागलं होतं. तुला टाळ्या ऐकू आल्या. समितीची खोली तू शोधलीच नाहीस.

तू म्हणशील, अक्का, हे सगळं तिकडचं. बरं, इकडे ये.

१९२९ च्या डिसेंबरात लाहोरला काँग्रेसचं अधिवेशन झालं. भाषणं तिथंही उदंड झाली असतील. पण सोलापूरपर्यंत पोचला तो पूर्ण स्वराज्याचा ठराव. पुढच्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाली आणि हे गिरण्यांचं गाव पेटून उठलं. गोळीबार झाला, इंग्रज सरकारचा अंमल काही दिवस नावालाही उरला नाही, मग मार्शल लॉ आला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली. त्यांच्या पुतळ्यांवरून तू रोज कॉलेजला जातेस. त्या फाशीला तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हा कराचीला अधिवेशन भरलं आणि मूलभूत हक्कांचा ठराव झाला. तो काढून वाच, आजच वाच. प्रौढ मताधिकार, मोफत प्राथमिक शिक्षण, संघटना करण्याचा कामगारांचा हक्क, बाळंतपणाच्या रजेची सोय, शाळेच्या वयाच्या पोरांना कारखान्यात बंदी. वल्लभभाई अध्यक्ष होते, बोललेही असणार. त्या भाषणातलं एक वाक्य तरी तुला येतं का? मलाही येत नाही. ठराव मात्र मी कलमवार सांगू शकते.

ठराव म्हणजे कागदच की, असं तू म्हणणार, मला माहीत आहे. तुझ्या वयाचं प्रत्येक पोर म्हणतं. कराचीत लिहिलेलं मोफत शिक्षण मुलांचा हक्क म्हणून कायद्यानं अमलात यायला १ एप्रिल २०१० उजाडला. एकोणऐंशी वर्षं! पण लिहिलेलं होतं म्हणून मधल्या माणसांना त्यावर बोट ठेवून विचारता आलं. भाषणावर बोट कुठं ठेवशील? बोलणारा म्हणतो, माझा आशय तसा नव्हता. ठरावाला तारीख असते, मांडणाऱ्याचं नाव असतं, अनुमोदकाचं नाव असतं.

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय तुला माझा हा हट्ट कळायचा नाही.

सोलापूरच्या पूर्व भागात मी ज्या पक्षाचं काम करत होते, त्याचं एकदा जिल्हा अधिवेशन झालं. आम्ही विडी कामगार बायकांनी एक ठराव तयार केला. कामगारांचा दवाखाना संध्याकाळीही उघडा ठेवावा, एवढीच मागणी. सकाळी बायका कारखान्यात माल द्यायला रांगेत उभ्या असायच्या. तयार विड्या मोजून, तपासून देईपर्यंत दुपार होई आणि दवाखाना बंद. मसुद्यावर आम्ही कितीतरी संध्याकाळी बसलो, अर्धं बोलणं तेलुगूत, अर्धं मराठीत. तुझी आजी त्यात होती. ‘फक्त वेळ वाढवा असं लिहू नको, संध्याकाळ असं लिही, नाहीतर ते सकाळी अर्धा तास आधी उघडतील’ हे तिचं म्हणणं. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, पण मसुदा कसा करतात ते तिला कळत होतं.

शेवटच्या दिवशी मुंबईहून आलेल्या नेत्याचं भाषण झालं. फार सुंदर भाषण होतं, मी खोटं बोलणार नाही, मीही टाळ्या वाजवल्या. ते संपलं आणि मंडप रिकामा झाला. लोक गाड्यांकडे पळाले. आमचा ठराव रिकाम्या खुर्च्यांपुढे वाचला गेला आणि सर्वानुमते मंजूर म्हणून पुकारला. पुढे छापील पुस्तिका आली. तिच्यात लिहिलं होतं, महिला कामगारांच्या आरोग्यविषयक प्रश्नांचा पाठपुरावा करण्यात यावा. संध्याकाळ गेली होती.

मी प्रत्येक बैठकीत विचारलं. मूळ मसुदा कुठं आहे? कुणी बदलला? कुणाच्या सांगण्यावरून? पहिल्यांदा हसून टाळलं, मग चिडले, मग पुढच्या कार्यकारिणीच्या यादीत माझं नाव आलं नाही. आजही लोक म्हणतात, अक्कानं एका ओळीपायी सगळं घालवलं, जरा नमतं घेतलं असतं तर आज कुठल्या कुठं असती. असतेही कदाचित. पद गेल्याचं वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. पण त्या बायकांसमोर बसून मी मसुदा लिहिला होता. त्यातली अट कुणी गिळली हे विचारायचं नाही, तर मी त्यांच्यापुढे बसले कशाला होते? मला अजून यात काही चुकीचं दिसत नाही. तू मोठी झाल्यावर हवं तर माझ्याशी वाद घाल.

सल राहिली ती दुसरीच. तुझी आजी त्यानंतर कुठल्याच बैठकीला आली नाही. रागावली नव्हती, मला घरी बोलवून चहा पाजायची. फक्त म्हणाली, ‘तुमचं चालू द्या.’ असल्या डोक्याची बाई चळवळीनं गमावली आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण त्या दिवसाची आठवण म्हणून सगळ्यांकडे नेत्याचं भाषण होतं.

म्हणून तू भाषणांबद्दल लिहितेस तेव्हा मी चिडते. तुझ्यावर नाही ग. पण चिडते.

मिशेल ओबामा म्हणाल्या, काहीतरी करा. तू विचारतेस, सोलापुरात बसून मी काय करू? हे कर. पूर्व भागातल्या कुठल्याही घरी विचार, पाणी किती दिवसांआड येतं. मग उजनी धरणाच्या पाण्याबद्दल महापालिकेच्या सभेत आजवर कुठले ठराव झाले, ते मागव. माहिती अधिकाराचा अर्ज तुझ्यासारख्या शिकलेल्या पोरीला जड नाही. २०२२ च्या मार्चमध्ये नगरसेवकांची मुदत संपली, त्यानंतर कित्येक वर्षं इथं लोकांनी निवडलेली सभाच नव्हती, प्रशासकच कारभार पाहत होते. त्या काळात पक्षांचे मेळावे थांबले नव्हते, भाषणं थांबली नव्हती. ठराव मांडायला लोकांचं माणूस मात्र आत नव्हतं. त्या वर्षांतले कागद आधी वाच.

राहिला तुझा दुसरा प्रश्न, कुठल्या पक्षात जाऊ. मी नाव सांगणार नाही. माझं मत तुला ठाऊक आहे आणि तू ते ऐकून जावंस असं मला वाटत नाही. पक्षांच्या शहर कार्यालयांत जा, निदान तीन तरी गाठ. तिथं जो कोणी बसला असेल त्याला म्हण, मागच्या अधिवेशनाच्या ठरावांची पुस्तिका द्या. साहेब नाहीत, उद्या या, असं म्हणतील. उद्या जा. मोबाईलवर साहेबांचं भाषण दाखवतील, ते बघून घे आणि पुन्हा पुस्तिका माग. जो देईल त्याच्यापाशी तासभर बस, एक ठराव निवड आणि विचार की याचं पुढे काय झालं. मग मला लिही. फोन करू नकोस, लिही. कुणीच पुस्तिका दिली नाही तर तेही लिही, तारखेसकट, आणि कुणी काय उत्तर दिलं त्यासकट.

तुझी
अक्का