पामबीचवरून डोंगरवाटेवर

प्रश्न : मी नवी मुंबईत नेरुळला राहतो. रस्त्यावरची मॅरेथॉन पूर्ण केली आहे. आता हिवाळ्यात सह्याद्रीतली ५० किलोमीटरची ट्रेल अल्ट्रा (डोंगरवाटेवरची, मॅरेथॉनपेक्षा लांब शर्यत) धावायची आहे. सराव पामबीच रोडवरच होतो. अंतर आणखी वाढवू का?

उत्तर : अंतर नको, चढ-उतार वाढवा. पामबीच सपाट आहे आणि डोंगरात पाय चढाने नव्हे, उताराने जातात. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू लांबत असतानाच ब्रेकचं काम करतात, त्यात बारीक इजा होतात आणि शेवटच्या टप्प्यात पायऱ्याही नकोशा वाटतात. आठवड्यातून एकदा पारसिक हिलवर ६ ते ८ फेऱ्या करा : चढ भरभर चालत, उतार छोट्या पावलांनी पळत. चढ चालण्यात कमीपणा नाही, अनुभवी धावपटूही तेच करतात. खारघरच्या डोंगरावर जाणार असाल तर पावसाळ्यातले बंदी आदेश आधी पाहा.

लांब सराव तासांत मोजा. दर तीन आठवड्यांनी शनिवारी ४ तास आणि रविवारी, थकल्या पायांनी, २ तास. शर्यतीआधीचे दोन आठवडे हात आखडता घ्या.

खाण्याचाही सराव लागतो. तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हवीत. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम घसरतं, ते धोक्याचं. तहानेप्रमाणे प्या, सोबत ओआरएस ठेवा.

बूट अर्धा नंबर मोठे घ्या, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात.