टॉवरचा ‘किरणोत्सर्ग’ म्हणावे का?

प्रश्न असा आहे: कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या गच्चीवर मोबाइल टॉवर आहे. फलकावर लावलेल्या सूचनेत ‘टॉवरचा किरणोत्सर्ग सुरक्षित मर्यादेत आहे, धोक्याची पातळी ओलांडलेली नाही’ असे लिहिले आहे. इथे ‘किरणोत्सर्ग’ बरोबर, की ‘प्रारण’, की सरळ ‘रेडिएशन’?

‘किरणोत्सर्ग’ नको. रेडियम, युरेनियमची अणुकेंद्रके आपोआप फुटतात आणि त्यांतून आल्फा, बीटा, गॅमा किरण बाहेर पडतात, त्याच्याशी हा शब्द बांधला गेला आहे. चेर्नोबिल आणि फुकुशिमाच्या बातम्यांनी तो घरोघरी पोचवला. अँटेनात काही फुटत नाही. वीजप्रवाह वेगाने मागेपुढे होतो आणि रेडिओलहरी निघतात. अणूतला इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ऊर्जा त्यांत नसते, म्हणून त्यांना अनायनीकारक म्हणतात. नारायणगावजवळ खोडदच्या दुर्बिणीच्या 30 डिश याच जातीच्या लहरी आकाशातून टिपतात. तिथे कोणी ‘दीर्घिकांचा किरणोत्सर्ग’ म्हणत नाही.

‘प्रारण’ निर्दोष आहे, पण त्यात ऊन, उजेड, शेगडीची धग सगळेच येते आणि पाठ्यपुस्तकाबाहेर तो फारसा कोणी वापरत नाही. ‘रेडिएशन’ला माझी हरकत नाही. तरी सूचनेत मी ‘रेडिओलहरी’च लिहीन.

खरी गोची मात्र ‘टॉवरचा’ या शब्दात आहे. लोकांसाठी ठरवलेली मर्यादा टॉवर किती सोडतो याची नसतेच. माणूस जिथे उभा आहे तिथे, दर चौरस मीटरला किती वॅट येतात याची असते. अँटेनाचा मुख्य झोत जवळजवळ आडवा, किंचित खाली झुकलेला जातो. त्यामुळे टॉवरच्या थेट खालच्या घरापेक्षा समोरच्या इमारतीत, त्याच उंचीवर राहणाऱ्याकडे आकडा जास्त येऊ शकतो. या ‘अंगावर येण्या’ला वर्तमानपत्रे ‘लहरींचा मारा’ म्हणतात, म्हणजे निकाल आधीच लागला! ‘संसर्ग’ म्हणावे तर तो रोगाचा. ‘अंगावर पडणाऱ्या लहरी’ एवढे साधे पुरते.

‘धोक्याची पातळी’ही इथे बसत नाही. पावसाळ्यात मुठा नदीने ती ओलांडली की पाणी खरेच वस्तीत शिरते. लहरींची मर्यादा तशी नाही. सगळ्या शरीरात किलोमागे सुमारे 4 वॅट शोषले गेले तर शरीर तापण्याचे परिणाम दिसू लागतात असे धरून अशा लहरींपासून संरक्षणाच्या मर्यादा सुचवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने (ICNIRP) सर्वसामान्यांसाठी त्याचा पन्नासावा भाग, म्हणजे किलोमागे 0.08 वॅट, ही मर्यादा ठेवली. आयोगाच्या 1998 च्या तक्त्यात 900 मेगाहर्ट्झला त्याचे रूपांतर चौरस मीटरमागे 4.5 वॅट, तर 1800 ला 9 वॅट असे होते. भारताने सप्टेंबर 2012 पासून टॉवरसाठी त्याचा एक दशांश घेतला: 0.45 आणि 0.9. म्हणजे ही रेघ पूररेषेच्या पुष्कळच अलीकडे आखलेली आहे, आणि ती ओलांडणे हा नियमभंग असला तरी तो लगेच अपाय ठरत नाही.

‘सुरक्षित’बद्दलही थोडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2011 मध्ये या लहरी ‘कर्करोगकारक असू शकतील’ अशा गटात टाकल्या. ‘असू शकतील’ला ‘आहेत’ करणारे चूकच. पण सोसायटीच्या सचिवांनी ‘सुरक्षित’चा शिक्का मारणे हेही त्यांचे काम नव्हे. ‘ठरवून दिलेली मर्यादा’ म्हणावे.

तेव्हा वाक्य असे करता येईल: ‘आपल्या गच्चीवर आणि समोरच्या इमारतीत मोजलेली रेडिओलहरींची तीव्रता दूरसंचार विभागाने ठरवून दिलेल्या मर्यादेच्या आत आहे.’ खाली मोजणीची तारीख, जागा आणि आकडाही लिहायला सांगा.