मुकादमाला आधी शिकव

परभणी

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. जालन्याच्या कंटेनर डेपोतल्या सेफ्टी ट्रेनिंगची सगळी जबाबदारी तुझ्याकडे आली आणि पहिल्याच आठवड्यात तू वर्षभराचा तक्ता आखलास, हे वाचून बरं वाटलं. तक्ता नीट आहे. पण त्यात मला मुकादम कुठेच दिसला नाही. सुपरवायझर आहे, यंत्राचा ऑपरेटर आहे आणि शेवटी ‘कंत्राटी कामगार’ असा एक मोठा रकाना आहे. आपल्याकडे कंत्राटी कामगार टोळीने येतो आणि टोळी मुकादमाच्या तोंडाकडे बघून काम करते. तू हॉलमध्ये तासभर समजावलेलं त्याच्या एका ‘चला रे, उरका लवकर’ने पुसलं जातं. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, की मुकादमाला आधी शिकव आणि त्याच्या तोंडून टोळीला शिकव.

ही माणसं कोण आहेत तेही बघ. दिवाळी झाली की बीड, परभणी, जालन्याच्या कितीतरी गावांतली जोडपी ऊसतोडीला निघतात, ती उन्हाळा लागेपर्यंत परतत नाहीत. तुझ्या आवारातल्या टोळ्याही त्याच सुमारास बदलतात. गणपतीत ज्यांना शिकवलंस ते संक्रांतीला कोल्हापूर-सांगलीकडे फडात असतील आणि त्यांच्या जागी आलेला पोरगा कंटेनर पहिल्यांदाच जवळून बघत असेल. वार्षिक प्रशिक्षणावर विसंबू नकोस. आवार दाखवून, धोक्याच्या जागा हाताने दाखवून झाल्याशिवाय गेटपास द्यायचाच नाही, असं ठरवून घे. कंत्राटदार कुरकुर करील. तो तास त्याच्या बिलात धरायला साहेबांना राजी कर. हमालाच्या मजुरीतून तो तास कापला गेला तर तो तुझ्यासमोर बसेल, पण ऐकणार नाही. भाषेचंही बघ. मराठी आणि हिंदीने बरंच भागेल. तांड्यावरची टोळी असेल तर त्यांच्यातल्याच एखाद्याला त्यांच्या बंजारा बोलीत, गोरमाटीत सांगायला लाव आणि ऐकणाऱ्यांकडून परत वदवून घे.

आता प्रशिक्षण कसं, ते सांगतो. मुकादमांना खुर्च्यांवर बसवू नकोस. कंटेनर उचलणारा रीच स्टॅकर बंद करून, किल्ली स्वतःच्या हातात घेऊन, एकेका मुकादमाला ऑपरेटरच्या केबिनमध्ये चढव. मग त्याच्याच टोळीतल्या एकाला यंत्राच्या मागे उभा कर आणि विचार, ‘दिसतोय का?’ तो मान वळवेल, आरशात बघेल आणि गप्प होईल. सत्तर टनांच्या घरातलं ते धूड मागच्या चाकांवर वळतं, त्यामुळे वळताना त्याची मागची बाजू बाहेर फेकली जाते. पायी चालणारा माणूस नेमका तिथेच असतो. कुठल्याही पडद्यावरच्या चित्राने हे पटत नाही. केबिनमधून खाली उतरलेला मुकादम स्वतःच टोळीला यंत्रापासून लांब हाकलायला लागतो.

तसंच कंटेनरच्या दाराचं. जालन्याच्या सळईच्या कारखान्यांना लागणारं भंगार कंटेनरमधून येतं. जहाज, रेल्वे, ट्रेलर असे हिसके खात आलेला माल दाराला रेलून बसलेला असतो. उजव्या दाराची रबरी कड डाव्यावर चढलेली असते, म्हणून उजवं दार आधी उघडावं लागतं, आणि माणूस सवयीने त्याच दारासमोर उभा राहून दांडा ओढतो. दारांना आधी पट्टा बांधायचा, माणसाने कडेला उभं राहायचं, दार वीतभरच सैल करायचं आणि आत माल सरकल्याचा आवाज येतो का ते ऐकायचं. कापसाची एक गाठ १७० किलोची असते. छातीवर आली तर हेल्मेटचा काही उपयोग नाही. हा प्रकार तू करून दाखवू नकोस. मुकादमाकडून करून घे, टोळी भोवती उभी असताना.

धान्य, सोयाबीन किंवा लाकडी खोक्यांच्या कंटेनरमध्ये कीड मारायला गॅस सोडलेला असू शकतो. दारावर कवटीचं चिन्ह आणि तारीख असते. ज्याला वाचता येत नाही त्यालाही ती कवटी ओळखता आलीच पाहिजे. दारं उघडी ठेवून, हवा तपासून झाल्याशिवाय आत पाय टाकायचा नाही. आत कुणी कोसळला तर मागोमाग धावायचंही नाही. हे दुसरं वाक्य पटवणं अवघड असतं, कारण आपली माणसं जिवाला जीव देणारी. पण विहिरीतला गाळ काढायला उतरलेला एक जण गुदमरला आणि त्याच्यामागे उतरलेला भाऊही गेला, असल्या बातम्या गावोगाव ऐकलेल्या असतात. तिथून बोलायला सुरुवात कर, लगेच समजतं.

रुळांविषयी मी जरा जास्त लिहिणार आहे, माझी सगळी नोकरी तिथेच गेली म्हणून नव्हे, तर डेपोतल्या माणसाला साइडिंगचा, म्हणजे डेपोत येणाऱ्या फाट्याचा रूळ आपल्या अंगणातला वाटतो म्हणून. उभा रेक, म्हणजे वॅगनांची अख्खी माळ, उभाच राहील असं तो धरून चालतो. हँडब्रेक आवळलेले नसतील, चाकाखाली स्किड किंवा लाकडी पाचर नसेल तर किंचित उतारावरही वॅगन सरकते, आणि सुटी वॅगन येताना आवाज फारसा होत नाही. वॅगनखालून पलीकडे जायचं नाही, दोन वॅगनमधून जायचं नाही, रुळाच्या माथ्यावर पाय ठेवायचा नाही, गाडीचा मार्ग बदलणाऱ्या सांध्यात तर कधीच नाही, कारण तो दूरवरच्या केबिनमधून हलतो. कपलिंगला हात लावायचा तो गाडी पूर्ण थांबल्यावर आणि लोको पायलटला हातइशारा पोचल्याची खात्री झाल्यावर.

८ मे २०२० ची पहाट तुला आठवत असेल. जालन्याहून भुसावळकडे पायी निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले होते आणि मालगाडीखाली गेले. लॉकडाऊनमध्ये गाड्या बंद आहेत असा त्यांचा समज होता. प्रवासी गाड्या बंद होत्या. मालगाड्या चालू होत्या. त्या थकलेल्या माणसांना दोष द्यायचा नाही, टोळीसमोरही नाही. पण तेवढं मनावर ठसव, की लेखी ब्लॉक, म्हणजे त्या रुळावर गाडी सोडणार नाही असा रेल्वेचा कागद, मिळाल्याशिवाय कुठलाही रूळ बंद नसतो. रेल्वेचा गँगमन दुरुस्तीसाठी रूळ सोडवण्याआधी ६०० मीटरवर बॅनर झेंडा आणि १२०० मीटरवर चाकाखाली वाजणारे इशाऱ्याचे तीन फटाके लावतो ते उगाच नाही. भरलेली गाडी बघितल्याबरोबर थांबत नाही.

आणि आता डोक्यावर विजेची तार आहे. डिसेंबर २०२३ मध्ये जालन्याहून विजेवरची वंदे भारत सुटली. तोवर आपल्या या भागाला डिझेलचीच सवय होती. तारेत २५,००० व्होल्ट असतात. तिला हात लावावा लागत नाही, जवळ गेलं तरी ती झेप घेते. दोन मीटरच्या आत माणूस, शिडी, सळई काहीच जाता कामा नये. भरणी-उतरणीच्या लाइनवर वरून कंटेनर उचलायचा असल्यामुळे तार नसते, पण रेक जिथून आत येतो तिथे असते. टोळी मात्र दोन्हीकडे सारखीच वावरते आणि ताडपत्री ओढायला वॅगनवर चढते. तार कुठून सुरू होते तिथे जमिनीवर जाड पिवळा पट्टा मारून घे. पाटीपेक्षा पट्टा बरा.

एक गोष्ट फक्त हमालांची नाही. ४ जून २०२२ च्या रात्री बांगलादेशात चितगावजवळ सीताकुंडच्या कंटेनर डेपोला आग लागली. तिथे हायड्रोजन पेरॉक्साइडचा साठा होता. ते स्वतः पेटत नाही, पण आगीला ऑक्सिजन पुरवतं. आग विझवायला गेलेले असतानाच स्फोट झाला आणि पन्नासच्या आसपास माणसं गेली, त्यात अग्निशमन दलाचे जवानही होते. समुद्र आपल्यापासून चारशे किलोमीटरवर आहे, पण माल तोच येतो. आज आवारात धोक्याचा कुठला कंटेनर कुठल्या रांगेत आहे, याची यादी रोज गेटवरच्या वॉचमनकडे असू दे आणि बंबवाल्यांना वर्षातून दोनदा तरी आवारात आणून ती वाचायला लाव.

आता खरी अडचण. रेक आला की डेमरेजचं घड्याळ सुरू होतं. मोकळी वेळ संपली की रेल्वे तासातासाने दंड लावते. त्या दंडाची भीती मॅनेजरकडून सुपरवायझरकडे, तिथून मुकादमाकडे उतरते. त्यात मजुरी नगावर ठरलेली असली की टोळीलाही घाई हवीच असते. तू कितीही चांगलं शिकवलंस तरी इथे ते तुटतं. माझ्या मते प्रशिक्षणाचं निम्मं काम साहेबांच्या टेबलावर आहे. मुकादमाने धोका बघून काम थांबवलं तर त्या वेळेची मजुरी कापली जाणार नाही आणि डेमरेजचा ठपका त्याच्यावर येणार नाही, एवढं एका कागदावर सहीनिशी घे. तो कागद मुकादमाला वाचून दाखव आणि त्याची प्रत त्याच्याकडे दे.

साइडिंगची हद्दही बघ. एका बाजूला सांधे आणि वॅगन जोडणं बघणारा रेल्वेचा पॉइंट्समन, दुसऱ्या बाजूला तुझी टोळी, आणि मध्ये ‘ते त्यांचं काम’ म्हणणारे दोघंही. या दोघांना एकत्र उभं करून शिकव, वेगवेगळं नको.

उन्हाचं तुला सांगायला नको. मे महिन्यात दुपारी कंटेनरच्या आतली भरणी बंद, सकाळी आणि रात्री काम. थंड पाण्याचा जार कामाच्या जागेवर, ऑफिसात नाही.

रजिस्टरवर सह्या आणि अंगठे घे, तपासणीला लागतात. पण प्रशिक्षण उतरलं का, हे बघायला रात्री दोनच्या पाळीत न सांगता जा. कुणालाही हटकू नकोस, अर्धा तास नुसती उभी राहा. दार उघडताना माणूस कुठे उभा राहतो, वॅगनच्या टोकाला वळसा घालतो की खालून जातो, ते बघ. जे दिसेल ते दुसऱ्या दिवशी मुकादमाला एकट्याला सांग, टोळीसमोर नाही. त्याचा मान राहिला तर तो तुझं काम करील. थोडक्यात टळलेला अपघात कुणी येऊन सांगितला तर आधी त्याला चहा पाज, चौकशी मग कर.

पुढच्या पत्रात तक्ता नको पाठवूस. किती मुकादम केबिनमध्ये चढले आणि त्या कागदावर साहेबांची सही झाली का, एवढं कळव. झाली नसेल तर मला फोन कर. मी नांदेडहून येणाऱ्या सकाळच्या गाडीने जालन्याला येतो, आपण दोघं मिळून साहेबांना भेटू.

तुझा,
काका