अपडेटनंतर प्रिंटर ओरडतोय, अंगठीवर रेषा येतायत: एक्स्पोजर आधी जुन्या आकड्यावर आणा

भाऊ, तुमचं दुखणं मला समजलं ते असं. लातूरला रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरवर सराफांसाठी कास्टेबल रेझिनमध्ये (ओतकामात जळून जाणाऱ्या द्रव प्लास्टिकमध्ये) अंगठ्या-नथींचे मास्टर, म्हणजे साच्यासाठीचे नमुने, छापता. डिसेंबरात फर्मवेअर (प्रिंटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केलं आणि तेव्हापासून "प्रिंटर नुसता बोंबलायलाय". अंगठीच्या बाहेरच्या अंगावर आडव्या रेषा येतायत. त्या जाव्यात म्हणून एक्स्पोजर, म्हणजे प्रत्येक लेअरला (थराला) उजेड द्यायचा वेळ, वाढवलं, तर रेषा आहेत तशाच आणि खडा धरणाऱ्या नख्या मात्र जाड झाल्या.

एक्स्पोजर आधी होतं तिथे परत न्या. नख्या त्यामुळेच जाड झाल्यात, त्यात फर्मवेअरचा हात नाही. लेअरच्या जाडीतला दोष जास्त उजेड देऊन झाकला जात नाही. अपडेटमध्ये झेड शून्याची, म्हणजे प्लेट सगळ्यात खाली कुठे थांबते याची, नोंद पुसली गेली असण्याची शक्यता असते, तेव्हा लेव्हलिंग नव्याने करा. वस्तू जिला चिकटते ती प्लेट खालच्या उजेडाच्या स्क्रीनवर दाबली गेली तर हा सगळा खल वाया जाईल आणि स्क्रीनचा खर्च वर येईल.

आता आवाज. "बोंबलतो" यात तीन वेगळे आवाज येऊ शकतात. प्लेट वर जाताना टाकीच्या तळाची फिल्म सुटल्याचा 'टप्' हा नेहमीचा असतो. थंडीत किंवा लिफ्टचा वेग वाढला की तो मोठा होतो, त्याची काळजी करू नका. दुसरा पंख्याचा. प्रिंट चालू नसतानाही आवाज येत असेल तर पंखा बघा, आणि तेव्हा घर इन्व्हर्टरवर होतं का तेही आठवा. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर पॉवर सप्लाय गुणगुणतो. लाइन आली की आवाज थांबत असेल तर फर्मवेअरला बोल लावू नका.

तिसरा मोटरचा, आणि तुमचा बहुधा हाच. टाकी आणि प्लेट काढून ठेवा, कंट्रोल स्क्रीनवरून झेड अक्ष (प्लेट वर-खाली नेणारा भाग) १०-१० मिलिमीटर खालीवर करा. आवाज एका ठरावीक उंचीवरच येत असेल तर तो भाग सरकवणाऱ्या लांब स्क्रूवर तिथे घाण आहे, रेझिनचा थेंब सुकलाय किंवा ग्रीस संपलंय. पुसा, पातळ ग्रीस लावा, मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या कपलिंगचे बारीक स्क्रू घट्ट करा. सगळ्या उंचीवर सारखाच आवाज असेल तर मात्र संशय अपडेटवर घ्यायला हरकत नाही.

कारण असं. बऱ्याच प्रिंटरमध्ये टीएमसी मालिकेतले मोटर ड्रायव्हर (मोटर चालवणाऱ्या चिप) असतात. त्यातले टीएमसी २२०९ सारखे ड्रायव्हर दोन रीतींनी चालतात. स्टेल्थचॉपमध्ये मोटर जवळपास गप्प असते, पण वेग वाढला की जोर कमी पडतो. स्प्रेडसायकलमध्ये जोर मिळतो आणि आवाज येतो. मोठ्या प्लेटवर मॉडेल सुटताना मोटर स्टेप (फिरण्याचा एक ठरलेला टप्पा) चुकवू नये म्हणून कंपनी नव्या आवृत्तीत दुसरी रीत निवडू शकते किंवा करंट वाढवू शकते. तेवढंच असेल तर आवाज कानाला त्रास देतो, अंगठीला नाही. प्रिंटरखाली जाड रबर टाका आणि पत्र्याच्या टेबलावरून हलवा, निम्मा आवाज टेबलाचाच निघेल.

रेषांकडे वळू, खरा घोळ इथे आहे. स्लायसरमध्ये (मॉडेलचे थर पाडून प्रिंटची फाइल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) तुम्ही 'लाइट ऑफ डिले' वापरता की 'रेस्ट टाइम'? रेस्ट टाइम म्हणजे प्लेट थांबल्यावरची निव्वळ विश्रांती. लाइट ऑफ डिले मात्र उजेड बंद झाल्यापासून पुन्हा लागेपर्यंत मोजला जातो, म्हणजे प्लेटचं वर जाणं आणि खाली येणं त्यातच धरलेलं असतं. समजा तुम्ही ८ सेकंद दिलेत आणि जुन्या फर्मवेअरवर हालचालीला ६ सेकंद लागत होते, तर रेझिनला स्थिरावायला २ सेकंद मिळायचे. नव्या आवृत्तीत वेग किंवा अॅक्सेलरेशन कमी झालं आणि हालचालीलाच ९ सेकंद लागले, तर विश्रांती शून्य. प्लेट थांबते न थांबते तोच उजेड लागतो. प्लेटखालचं जादा रेझिन अजून बाहेर दाबलं जात असतं, त्यामुळे कुठला लेअर जाड, कुठला पातळ निघतो. त्याच तुमच्या रेषा. स्लायसरमधला आकडा मात्र होता तोच दिसतो, म्हणून कुणाला शंका येत नाही.

त्यात डिसेंबर. मराठवाड्यातली थंडी बाहेरच्यांना खोटी वाटते, पण परभणीचा पारा कधीकधी एक आकडी होतो आणि पहाटे लातूरही काही उबदार नसतं. गार रेझिन काकवीसारखं सावकाश सरकतं, त्याला २ सेकंद होते तेव्हाही पुरले नसते. रात्री लावलेल्या प्रिंटवर रेषा आणि दुपारच्या प्रिंटवर कमी, असं होतंय का बघा. तसं असेल तर निम्मा दोष हवेचा. खोली २५ अंशांच्या आसपास ठेवा, बंद बाटली कोमट पाण्यात बसवा आणि वापरण्याआधी नीट हलवा. माझ्याकडे वाळूजला डेंटल मॉडेल चालतात, हिवाळ्यात पहिलं काम तेच असतं.

मोजायचं कसं? मोबाइलवर व्हिडिओ घ्या, आवाजासकट. प्लेट थांबल्यावर मोटर गप्प होते आणि त्यानंतर झाकणातून उजेड दिसतो, या दोहोंमधलं अंतर सेकंदात काढा. सुरुवातीचे बॉटम लेअर सोडून मधले मोजा. अंतर जवळपास नसेलच तर लाइट ऑफ डिले सोडा, एक्स्पोजरआधीचा रेस्ट टाइम २-३ सेकंद द्या आणि फाइल नव्याने स्लाइस करा. पेनड्राइव्हवरची जुनी फाइल चालवून नवी सेटिंग तपासता येत नाही, हे सांगावं लागतं कारण निम्मे लोक तेच करतात.

विश्रांती देऊनही रेषा राहिल्या आणि त्या एकाआड एक येत असतील तर लेअरची जाडी बघा. सर्वसाधारण मोटर एका फेऱ्यात २०० पूर्ण स्टेप घेते. स्क्रू एका फेऱ्यात २ मिलिमीटर सरकवत असेल तर एक स्टेप ०.०१ मिलिमीटरची. दागिन्यांत लाडका असलेला ०.०२५ चा लेअर म्हणजे अडीच स्टेप, दर दुसऱ्या लेअरला मोटर दोन स्टेपच्या मध्ये अडकते. थांबलेल्या मोटरचा करंट अपडेटमध्ये कमी झाला असेल तर ती तिथे नेमकी टिकत नाही. ०.०२ किंवा ०.०३ वर एक अंगठी छापा. स्क्रू ४ मिलिमीटरचा असेल तर एक स्टेप ०.०२ ची, मग ०.०२ किंवा ०.०४ घ्या. रेषा गायब झाल्या तर दोष कुठे आहे ते कळलं, आणि कंपनीला लिहायला पुरावाही मिळाला.

जुनी आवृत्ती परत टाकायची असेल तर कंपनीने तुमच्याच मॉडेलसाठी दिलेली फाइलच घ्या, कुणी व्हॉट्सअॅपवर पाठवलेली नको. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा आणि प्रिंटर यूपीएसवर लावा. मधेच लाइन गेली तर बोर्ड मरू शकतो. लगीनसराईच्या ऑर्डरी हातात असताना चालत्या प्रिंटरला अपडेट देणं मला पटत नाही, पण ते आता झालंय.

व्हिडिओतलं ते अंतर, स्लायसरमधले वेग आणि छापतानाचं खोलीचं तापमान इथे टाका. नख्या त्यानंतरही जाड आल्या तर एक्स्पोजरचं बघू.