कुत्रा बिघडला, तर चूक कोणाची?

या वेळच्या बऱ्याच पत्रांत एकच शंका निरनिराळ्या तऱ्हेने विचारली आहे: आमच्या वागण्यामुळेच कुत्रा असा झाला का? त्यातली पाच पत्रं इथे घेतली आहेत.

प्रश्न : आमचा लॅब्रॅडॉर तीन वर्षांचा आहे. आजवर अतिशय शांत होता. दोन महिन्यांपासून जेवताना कोणी जवळ गेलं की गुरगुरतो. गेल्या आठवड्यात सात वर्षांच्या मुलाने त्याच्या भांड्याला हात लावला, तेव्हा तो अंगावर आला. दात लागले नाहीत एवढंच. सासूबाई म्हणतात, तुम्हीच लाडावून ठेवलंत. एका ट्रेनरने सांगितलं होतं की जेवता जेवता भांडं काढून घेत जा, म्हणजे मालक कोण ते त्याला कळेल. तसं केल्यावर गुरगुरणं वाढलंच. आमचंच चुकलं का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : लाडामुळे कुत्रा भांड्यावर गुरगुरत नाही. सोफ्यावर झोपू दिलं, आधी त्याला वाढलं, यांचा इथे काही संबंध नाही. आपलं अन्न राखणं हे कुत्र्यात उपजतच असतं, कोणात कमी, कोणात जास्त. भांडं काढून घेण्याने मात्र ते नक्की वाढलं. माणूस जवळ आला की जेवण जातं, ही त्याची भीती होती आणि रोज ती खरी ठरत गेली. तेवढा भाग तुमच्याकडे येतो, आणि तो सल्ला देणाऱ्याकडेही.

पण तीन वर्षं शांत असलेला कुत्रा दोन महिन्यांत बदलतो, तेव्हा आधी त्याचं शरीर तपासायचं. लॅब्रॅडॉरमध्ये खुब्याचे आणि कोपराचे सांधे दुखणं बरंच आढळतं, आणि भांड्यावर वाकताना ते जाणवतं. दात, हिरड्या, कान, पोट आणि थायरॉइड हेही डॉक्टरांकडून बघून घ्या. खाजेसाठी स्टेरॉइड चालू असेल तर तेही सांगा. त्याने भूक खूप वाढते आणि अन्नासाठीची धास्तीही वाढू शकते.

तोपर्यंत आजपासूनच त्याला वेगळ्या खोलीत, दार लावून जेवायला द्या. तो खाऊन बाहेर आला आणि दुसरीकडे गेला की मगच मोठ्या माणसाने भांडं उचलायचं. मुलगा त्या खोलीत जाणार नाही, हे ‘मुलाला समजावून सांगितलंय’ एवढ्यावर सोडू नका, कडी लावा.

डॉक्टरांनी काही दुखणं नाही म्हटलं, किंवा उपचार झाले, की सराव सुरू करा. तो मोठ्या माणसानेच करायचा. भांड्यात नेहमीचं साधं खाणं ठेवा. तुम्ही उभे असतानाही तो सैल अंगाने खात राहतो, ते अंतर शोधा. सुरुवातीला ते दहा फूटही असेल. तिथून उकडलेल्या कोंबडीचा किंवा पनीरचा हरभऱ्याएवढा तुकडा भांड्याजवळ टाका आणि लगेच मागे फिरा. कोंबडी उकडताना मीठ, कांदा, लसूण घालू नका. असं एका जेवणात आठ-दहा वेळा, दिवसातून एकाच जेवणाला. तुम्ही येताना दिसताच त्याने मान वर करून, शेपूट सैल हलवत वाट पाहिली, आणि हे सलग तीन-चार दिवस दिसलं, की एक पाऊल पुढे. घाई केली तर हमखास बिनसतं. तो एकदम भराभर गिळू लागला, अंग ताठ झालं, डोकं भांड्यावर झुकवून डोळ्यांच्या कडेने पाहू लागला, तर तुम्ही जास्त जवळ आलात. दोन पावलं मागे जा. या काळात भांड्याला हात लावायचाच नाही. तुकड्यांच्या हिशेबाने जेवण कमी करा, लॅब्रॅडॉरचं वजन पटकन वाढतं.

आणि गुरगुरल्याबद्दल कधीही रागावू नका. गुरगुरणं ही त्याची सूचना आहे. ती मार खाऊन बंद झाली तर आतली भीती तशीच राहते आणि पुढचा चावा न सांगता येतो. ‘काही न करता एकदम चावला’ असं ज्यांच्याबद्दल सांगतात, त्यांतल्या अनेकांचं गुरगुरणं आधी कोणीतरी दाबलेलं असतं.

प्रश्न : आमची बीगल दहा महिन्यांची आहे. आम्ही दोघं सकाळी 9 ला निघतो ते संध्याकाळी साडेसहाला येतो. सोसायटीने नोटीस दिली आहे की ती दिवसभर ओरडते. विकणारा म्हणाला होता की बीगल फ्लॅटसाठी उत्तम. जातच अशी आहे की आम्ही कमी पडतो?
— वाचक दांपत्य, पुणे

उत्तर : बीगल हा सशाच्या शिकारीत कळपाने धावणारा कुत्रा. लांबून ऐकू यावं म्हणूनच त्याचा आवाज तसा जोपासला गेला. पण सगळं जातीवर ढकलता येत नाही. 2022 साली ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात अठरा हजारांवर कुत्र्यांची माहिती घेतली होती; कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकांपैकी जातीने उलगडणारा भाग सुमारे 9 टक्केच निघाला. साडेनऊ तास एकटं ठेवणं हा तुमचा निर्णय आहे, आणि दहा महिन्यांच्या कुत्रीला तो झेपणारा नाही. हे कठोर वाटेल, पण इथे जबाबदारी तुमची आहे.

उपाय करण्याआधी एक जुना मोबाइल तिच्या दिशेने लावून रेकॉर्डिंग करा. दार लागल्यावर काही मिनिटांतच रडणं, लाळ गळणं, दार ओरबाडणं सुरू झालं तर ती एकटेपणाची घबराट आहे. ती झोपते आणि लिफ्टचा किंवा जिन्यातला आवाज आला की भुंकते, तर ती राखण आहे. तिचं अंथरूण दारापासून लांब, आतल्या खोलीत हलवा आणि पंखा किंवा रेडिओ लावून ठेवा. तीन-चार तासांनी चुळबुळ, चावाचावी आणि मग ओरडणं असेल तर तिला कंटाळा आलाय किंवा शू लागलीय. दुपारी कोणीतरी येऊन तिला फिरवून आणलंच पाहिजे. तिन्हींना एकच औषध लावलं की काहीच बदलत नाही, आणि मग लोक ‘हिला कळतच नाही’ म्हणतात.

घबराट असेल तर काम मोठं आहे. दिवसातून पंधरा-वीस वेळा किल्ल्या उचला, चपला घाला आणि परत बसा. या खुणांचा अर्थ पुसला गेला पाहिजे. मग दाराबाहेर पाच सेकंद, आणि ती अस्वस्थ होण्याआधीच आत. नंतर दहा, तीन, वीस, आठ. प्रत्येक वेळी वाढवत नेलं तर पुढची वेळ अधिक वाईट असणार हे तिला कळतं. पहिली तीस-चाळीस मिनिटं गाठायलाच सर्वांत जास्त आठवडे लागतात. या काळात ती खऱ्या अर्थाने एकटी राहता कामा नये: आळीपाळीने घरून काम, आई-वडील, चांगलं पाळणाघर, जे जमेल ते. नाहीतर सकाळी शिकवलेलं दुपारी पुसलं जातं. पिंजऱ्यात कोंडू नका. घाबरलेले कुत्रे गजांवर दात आणि नखं मोडून घेतात. दुसरा कुत्रा आणणं हाही इलाज नव्हे, तिला माणूस हवा असतो. गरज पडल्यास पशुवैद्य फ्लुऑक्सेटिन किंवा क्लोमिप्रॅमिन ही घबराट कमी करणारी औषधं देतात. त्यांचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे जातात, म्हणून मनाने बंद करू नका.

सकाळच्या फेरीत तिला पुढे ओढत नेण्याऐवजी मनसोक्त हुंगू द्या. बीगलचं डोकं नाकाने दमतं.

प्रश्न : रस्त्यावरचं पिल्लू आम्ही पाच महिन्यांचं असताना घरी आणलं. आता दीड वर्षाची आहे. घरच्यांवर खूप जीव, पण हेल्मेट घातलेला किंवा पावसाळ्यात रेनकोट घातलेला माणूस दिसला की भुंकत मागे पळते. आम्ही तिला कधी मारलं नाही. मग काय चुकलं?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : काहीच नाही. जग कसं असतं हे पिल्लू साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात ठरवतं. त्या दिवसांत जे शांतपणे पाहिलं ते ओळखीचं. जे पाहिलंच नाही किंवा दगड मारताना पाहिलं ते धोक्याचं. ती तुमच्याकडे आली तेव्हा हा काळ संपला होता. (विकत घेतलेल्या पिल्लांबाबतही हेच लक्षात ठेवा. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. कोणी पस्तीस दिवसांचं देऊ लागलं तर घेऊ नका.)

चूक तुमची नसली तरी इलाज तुमच्याच हातात आहे. हेल्मेटवाला दिसतो पण ती भुंकत नाही, एवढ्या अंतरावर थांबा. तो दिसला की कोंबडी, नाहीसा झाला की कोंबडी बंद. घरी रेनकोट आधी जमिनीवर पसरून त्यावर खाऊ टाका, मग हातात धरा, मग घरच्याच माणसाने घाला. पाहुण्यांच्या हातात बिस्किट देऊन ‘ये ये’ करायला लावू नका. खाण्याच्या ओढीने ती पुढे जाते, बिस्किट संपतं, आणि परका माणूस एकदम नाकासमोर उरतो. तिथेच चावे होतात.

प्रश्न : घरी आल्यावर हॉलमध्ये शू केलेली असते आणि हा मान खाली घालून कोपऱ्यात. चूक कळते, तरी पुन्हा का करतो? शिवाय आमच्या घरात सध्या बराच ताण आहे, त्याचा परिणाम असेल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : तो चेहरा पश्चात्तापाचा नाही. कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कुत्र्यांनी काही केलेलं असो वा नसो, मालक रागावले की तो चेहरा जास्त दिसला. शूमध्ये नाक घासल्याने तो फक्त लपून शू करायला शिकतो. योग्य जागी केली की दोन सेकंदांत खाऊ द्या. शूची जागा फिनाईलने नाही, एन्झाइम असलेल्या क्लीनरने धुवा, नाहीतर त्याला येणारा वास राहतो. मोठा कुत्रा अचानक घरात करू लागला असेल तर आधी लघवी तपासा.

ताणाबद्दलची तुमची शंका रास्त आहे. स्वीडनमधल्या लिनशॉपिंग विद्यापीठाच्या 2019 च्या अभ्यासात मालकाच्या आणि कुत्र्याच्या केसांतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, दीर्घकाळ जुळत गेलेलं दिसलं. घरात आवाज चढले की त्याला दुसऱ्या खोलीत नेऊन चघळायला काहीतरी द्या.

प्रश्न : लिफ्टमध्ये आमच्या कुत्र्याने शेजाऱ्यांना चावा घेतला. ते म्हणतात पोलिसांत जाऊ. त्यांनीच अचानक हात पुढे केला होता. जबाबदार कोण?
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : पट्टा तुमच्या हातात होता. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार, पाळीव प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. लिफ्टमध्ये कुत्रा कोपऱ्यात आणि तुम्ही मध्ये, पट्टा चार फुटांचा, आणि आत कोणी असेल तर पुढच्या लिफ्टची वाट पाहायची. जाळीदार मझलची (तोंडाला बांधायच्या मुसक्याची) सवय आठवडाभर आत खाऊ ठेवून घरीच लावा.

शेजाऱ्यांची जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुतली होती का, ते विचारा. कुत्र्याला रेबीजची लस दिलेली असली तरी त्यांना आजच डॉक्टरांकडे घेऊन जा. लसीकरणाचं कार्ड सोबत ठेवा, खर्च तुम्ही करा, आणि इंजेक्शनच्या पुढच्या तारखा तुमच्याही मोबाइलमध्ये लावून घ्या.