वडील सुभेदार म्हणून निवृत्त झालेत, पंचाहत्तरीला चांगलं भारी घड्याळ द्यायचंय. कोणतं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की बाबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, तुम्ही तिघं भावंडं मिळून दोन लाखांपर्यंत काढणार आहात, ठाण्यात मानपाड्याला राहता आणि घड्याळांतलं फारसं कळत नाही. दोन लाखांचा आकडा तूर्त बाजूला ठेवा, त्याच्याकडे नंतर येऊ. मी वायुदलात इन्स्ट्रुमेंट फिटर होतो, आता ऐरोलीत असतो, घड्याळं उघडून बघायचा नाद जुना आहे. अशी भेट ज्याला मिळते त्याच्या बाजूने चार गोष्टी सांगतो.

फौजी माणसाला महागडं घड्याळ दिलं की बहुतेक वेळा ते कपाटात जातं. आमच्या सकाळच्या कट्ट्यावर असेच एक सुभेदार साहेब आहेत. मुलाने दुबईहून सोनेरी, जाडजूड क्रोनोग्राफ आणला. तबकडीत आणखी तीन तबकड्या, बाजूला दोन बटणं, कडेला बारीक आकड्यांची रांग. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला, हात लांब करून बघितलं आणि म्हणाले, "बाकी सगळं दिसतंय, वाजले किती तेवढं दिसत नाही." ते घड्याळ आता लग्नकार्याला निघतं. रोज हातात कॅसिओ.

तेव्हा दुकानात काचेतलं कुठलंही घड्याळ बघताना एकच विचारा: हे घालून बाबा उपवनला फेरी मारतील का, मंडईतून भाजी आणतील का? मन 'नाही, जपून ठेवतील' म्हणालं तर ते घड्याळ कितीही देखणं असो, पुढे चला.

आता डोळे आणि बोटं. पंचाहत्तरीत मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असतं किंवा व्हायचं असतं. काळी तबकडी, पांढरे ठळक आकडे, जाड काटे असं काहीतरी हवं. निळ्या तबकडीवर चंदेरी काटे फोटोत छान दिसतात, पण संध्याकाळच्या उजेडात काटे गायब होतात. रात्री तीनला उठल्यावर दिवा न लावता वेळ दिसली पाहिजे. ज्याला आपण अजून रेडियम म्हणतो ते आता वापरत नाहीत, ते किरणोत्सारी होतं. हल्लीचा रंग दिवसाचा उजेड पिऊन रात्री चमकतो. दुकानात तळहाताची ओंजळ करून घड्याळावर धरा आणि आत डोकावून बघा, लगेच कळेल. तारखेचा प्रश्न मात्र बाबांच्या सवयीवर सोडा. काहींना मनगटावर तारीख लागतेच, पण खिडकी बारीक असेल तर ती असून नसल्यासारखी.

आणखी एक, जे दुकानदार सांगणार नाही. पायदळातले बरेच जण तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला करून घड्याळ बांधतात. काच उन्हात चमकत नाही आणि रायफल धरलेली असताना हात न वळवता वेळ दिसते. ही सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही. बाबा कसं बांधतात ते आजच बघून ठेवा. आत बांधत असतील तर टेबलावर हात टेकला की घड्याळच घासणार. मग काच सफायरचीच, म्हणजे सहजी ओरखडे न पडणारी हवी आणि जाडी दहा-अकरा मिलिमीटरच्या वर नको. तेरा-चौदा मिलिमीटरचं डायव्हर, म्हणजे पाणबुड्यांसाठीचं घड्याळ आत बांधलं की रोज जेवताना ताटाला आपटेल. दुकानातली बहुतेक 'मिलिटरी' घड्याळं इथेच बाद होतात, कारण ती मुळात चाळीस वर्षांच्या कॉर्पोरेट मनगटांसाठी बनवलेली असतात. गंमत म्हणजे खरी लष्करी घड्याळं लहान असायची. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश संरक्षण खात्याने बारा स्विस कंपन्यांकडून सैनिकांसाठी घड्याळं बनवून घेतली. त्यांत ओमेगा, लाँजिन, आयडब्ल्यूसी अशी आजची बडी नावं होती. काळी तबकडी, मोठे आकडे, पाणी न शिरणारी केस म्हणजे बाहेरचं कवच, बस. संग्राहक त्यांना 'डर्टी डझन' म्हणतात. बाबांना त्याच घराण्यातलं काहीतरी शोभेल. केसचा व्यास छत्तीस ते एकोणचाळीस मिलिमीटरपर्यंत.

चावीचं की सेलचं? इथे थोडा रेंगाळतो. ऑटोमॅटिक घड्याळ हाताच्या हालचालीवर चालतं. दुपारभर आरामखुर्चीत बसणाऱ्या आणि दोन दिवस घड्याळ काढून ठेवणाऱ्या माणसाचं ते बंद पडतं, मग दरवेळी वेळ आणि तारीख लावायची. सेलच्या साध्या घड्याळाला ही कटकट नाही, चूकही महिन्याला पंधरा सेकंदांच्या आत. अचूकतेचं प्रमाणपत्र असलेलं स्विस यांत्रिक घड्याळ मात्र दिवसाला चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे जाऊ शकतं आणि तरी उत्तम समजलं जातं. 'पाच मिनिटं आधी फॉल-इन' ज्याच्या हाडात भिनलंय त्याला दोन लाखांच्या घड्याळाची ही चूक पटवून सांगावी लागेल, तयारी ठेवा. पण चावीच्या घड्याळाची एक जागा वेगळी आहे. त्यांच्या पिढीने एचएमटीला रोज सकाळी चावी दिलेली असते. दाढी, चावी, चहा हा क्रम ज्यांचा अजून चुकत नाही त्यांना चावीचं घड्याळ द्या, ते कपाटात जाणार नाही. फक्त बोटं तपासा. संधिवात असेल तर बारीक चावी फिरवणं म्हणजे शिक्षा, आणि स्क्रूची चावी आधी फिरवून उघडावी आणि नंतर दाबून परत बसवावी लागते, ती तर नकोच. अशा वेळी सरळ सेलचं किंवा सोलर.

आता नावं. माझी पहिली पसंती हॅमिल्टन खाकी फील्ड मेकॅनिकल. कंपनी १८९२ची, मूळ अमेरिकेतली, महायुद्धात अमेरिकी सैन्याला घड्याळं पुरवलेली, आता स्विस. अडतीस मिलिमीटर, साडेनऊच्या आसपास जाडी, सफायर काच, आत तेरा ते चोवीसचे आकडे, चावीवर ऐंशी तास चालतं आणि चावी स्क्रूची नाही. तारीख नाही. तुमच्या बजेटच्या निम्म्याहून कमी पडेल, आणि म्हणूनच तुम्हाला ते 'भारी' वाटणार नाही. बाबांना वाटेल. पाणी मात्र पन्नास मीटरचं, म्हणजे हात धुणं, पाऊस ठीक, पोहणं नको.

तारीख हवीच असेल आणि मोठं नाव हवं असेल तर लाँजिन स्पिरिट, सदतीस मिलिमीटरचं. बहात्तर तास चालतं, प्रमाणित आहे, आकडे ठळक. किंमत तुमच्या आकड्याच्या वर जाऊ शकते आणि चावी स्क्रूची आहे, हे आधी सांगून ठेवतो. फावर लुबाचंही बघा. एकोणिसाव्या शतकापासून मुंबईत विकलं गेलेलं नाव, बाबांच्या तरुणपणी ज्याच्या हातात ते असे तो गावात ऐटीत फिरे. आता ते भारतीय मालकीचं आहे आणि २०२४मध्ये नव्याने बाजारात आलं. केस थोड्या मोठ्या आहेत, हातावर घालूनच ठरवा. रोलेक्स, ट्यूडरचा विचार दोन लाखांत करू नका. सेकंडहँडचा तर मुळीच नाही. मुंबईत जुन्या घड्याळांवर नव्याने तबकडी रंगवून 'मिलिटरी' म्हणून विकायचा धंदा जुना आहे.

पट्टा चामड्याचा नको. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ठाण्याच्या हवेत तो घामाने कुजतो. दोन नायलॉनचे पट्टे घ्या, एक हातात, एक धुवायला. एकसंध नायलॉनचा पट्टा केसच्या खालून जातो, त्यामुळे एखादी पिन तुटली तरी घड्याळ खाली पडत नाही. बाबांना समजावून सांगावं लागणार नाही.

मागे कोरून घेणार असाल तर आर्मी नंबर, हुद्दा, नाव, भरतीचं आणि निवृत्तीचं साल. नंबर हवाच, तो माणूस शेवटपर्यंत विसरत नाही. 'निवृत्त' हा शब्द नावानंतर येतो, हुद्द्यानंतर नाही. 'सुभेदार (निवृत्त) अमुक' असं लिहिलेलं बऱ्याच जणांना खटकतं, कारण हुद्दा कायम राहतो. ऑनररी लेफ्टनंट किंवा कॅप्टन मिळालेलं असेल तर तेच लिहायचं, पेन्शनच्या कागदावर बघून घ्या. पलटणीचं चिन्ह तबकडीवर छापून घेऊ नका, ते हमखास बेढब होतं. कोरण्याचं काम अधिकृत दुकानातूनच, कारण मागचं झाकण चुकीचं बसवलं की पाणी शिरतं, आणि एकदा कोरलं की बदलून मिळत नाही.

घरात त्यांचं जुनं एचएमटी पडलं असेल तर उरलेल्या पैशांतून तेही चालू करून घ्या. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना बंद करायचा निर्णय सरकारने २०१६मध्ये घेतला, तरी नौपाड्यात, वाशीत जुने कारागीर सुटे भाग जमवून देतात. तबकडी रंगवू मात्र देऊ नका, डाग असले तर असू देत. बाकी रक्कम बाजूला ठेवा. यांत्रिक घड्याळाला चार-सहा वर्षांनी सर्व्हिसिंग लागतं, ते काही हजारांत जातं, आणि तो खर्च बाबा स्वतः करणार नाहीत.

खरेदी अधिकृत विक्रेत्याकडून, तारीख आणि शिक्क्याच्या वॉरंटी कार्डासह. बिल दोन लाखांच्या वर गेलं तर पॅन द्यावा लागतो, आणि दोन लाख किंवा जास्त रोख कोणी घेऊच शकत नाही. १ ऑक्टोबर २०२५पासून स्वित्झर्लंडसह चार देशांशी झालेला व्यापार करार लागू झालाय, स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरेल. पण त्यासाठी पंचाहत्तरी पुढे ढकलू नका.

सरप्राइजचा हट्ट मात्र सोडा. 'मला घ्यायचंय, बघायला चला' म्हणून बाबांना सीवूड्सच्या मॉलला किंवा राम मारुती रोडला घेऊन जा, चष्मा काढायला लावून त्यांच्या हातावर दोन-तीन घालून बघा. किमतीच्या चिठ्ठ्या दुकानदाराला आधीच फोन करून काढून ठेवायला सांगा. एक जरी दिसली तरी साहेब सरळ पार्किंगमध्ये जाऊन उभे राहतील.