एकच सभा, दोन फोटो

प्रश्न: भाऊ, आमच्याकडे दोन पेपर येतात, एक मामाजींचा (म्हणजे सासऱ्यांचा) आणि एक माझा. मागच्या इलेक्शनच्या वेळी कस्तुरचंद पार्कवर एका उमेदवाराची सभा झाली नं, तर मामाजींच्या पेपरात गर्दीच गर्दी आणि माझ्या पेपरात रिकाम्या खुर्च्या. माझा मुलगा स्वतः गेला होता, तो म्हणे खुर्च्या रिकाम्याच होत्या, तर मामाजी त्याच्यावरच चिडले. आता तुम्हीच सांगा, यातला विकलेला पेपर कोणता? आणि असं वाचून लोकं खरंच मत बदलतात का?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर: ताई, दोन्ही फोटो खरे असू शकतात. सभेची वेळ चारची आणि नेता येतो साडेसहाला, हे आपल्याकडे काही नवीन नाही. चार वाजता फोटो काढला तर खुर्च्याच दिसणार, आणि साडेसहाला स्टेजवरून झूम लावून काढला तर माणसावर माणूस बसल्यासारखा दिसतो कारण झूममध्ये मागची रांग पुढच्या रांगेला चिकटते. फोटोग्राफर बिचारा दोन्ही काढून आणतो, छापायचा कोणता ते ऑफिसात ठरते.

मी स्वतः एका पेपरात रात्रपाळी केली आहे, कोणत्या ते विचारू नका. एका उमेदवाराचे आठ-दहा फोटो समोर, एकात म्हाताऱ्या बाईच्या पाया पडतोय, एकात स्टेजवर जांभई देतोय. वरून निरोप आला, जांभईवाला लावा. खोटं काहीच नव्हतं हो, जांभई त्यानं दिलीच होती. सकाळी टपरीवर तर्री-पोहे खाताना शेजारचा म्हणतो, ‘हा झोपाळू काय कामं करणार बाप्पा!’ मी खाली मान घालून पोहे संपवले.

शब्दांचंही तेच. आपला माणूस ‘ठणकावतो’, समोरचा तेच बोलला की ‘बरळतो’. आपल्यावरचे आरोप ‘बिनबुडाचे’, दुसऱ्यावरचे ‘गंभीर’. आणि अपक्ष उभा असेल तर त्याच्याबद्दल चांगलं-वाईट काहीच नाही, नावच नाही, मला विचाराल तर हाच सगळ्यात मोठा अन्याय, कारण शिव्या खाल्लेल्याचं निदान नाव तरी लोकांच्या लक्षात राहते.

आता विकलेला म्हणाल तर ते वेगळं प्रकरण आहे, पैसे घेऊन बातमी म्हणून छापायचं, त्याला पेड न्यूज म्हणतात. २००९ च्या आपल्या विधानसभा इलेक्शनमध्ये तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांची स्तुती करणारा एकच मजकूर वेगवेगळ्या पेपरांत शब्दन् शब्द छापून आला होता, पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मधून ते बाहेर काढलं. पेपरवाले म्हणाले आम्ही पैसे घेतले नाहीत, ते प्रकरण पुढे कोर्टातही गेलं. २०१० पासून इलेक्शन कमिशननं जिल्ह्याजिल्ह्यात एमसीएमसी नावाची कमिटी ठेवली, तिला पेड न्यूज वाटली की उमेदवाराला नोटीस जाते आणि सिद्ध झालं तर ते पैसे त्याच्या खर्चात धरतात. विधानसभेला खर्चाची मर्यादा ४० लाख आहे, म्हणून हे झोंबते. २०११ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एक आमदार याच्याच पायी तीन वर्षांसाठी अपात्र ठरल्या होत्या. पण नुसत्या रिकाम्या खुर्च्यांच्या फोटोवरून विकलेला म्हणू नका, ती बहुतेक वेळा मालकाची नाहीतर संपादकाची आवड असते, आणि आवडीला पावती नसते.

मत बदलते का? आपल्या वॉर्डात फार नाही. नाली तुंबली तेव्हा कोण आलं नि कोणी फोन उचलला नाही, ते तुम्हाला पेपरनं सांगायची गरजच नाही. लोकसभेचा उमेदवार मात्र आपण पाहिलेलाच नसतो, तो आपल्याला फोटोतूनच माहीत, तिथे जांभई चिकटते. पण तिथेही लोकं पूर्ण हातात येत नाहीत. २००४ ला वाजपेयी सरकारच्या ‘इंडिया शायनिंग’ जाहिरातींचा केवढा गाजावाजा, बहुतेक सर्व्हे एनडीएला परत आणत होते, निकाल उलटा लागला. २०२४ लाही बरेच एक्झिट पोल एनडीएला ३५० जागांच्या वर नेत होते, आल्या २९३.

एक विचारू का, राग मानू नका. रिकाम्या खुर्च्या तुमच्या आवडीच्या उमेदवाराच्या सभेतल्या असत्या तर तुम्ही मला पत्र लिहिलं असतं की त्या पेपराला शिव्या घातल्या असत्या? मामाजीही तेच करून राहिले ना.

पेपर दोन्ही चालू ठेवा. आणि मुलाला एकदा विचारून पाहा, तो पार्कवरून निघाला किती वाजता?